गाठ काढण्याआधी

पाच वर्षांच्या ढमीचे केस विंचरताना आईचा कंगवा डोक्याच्या मागे, बरोबर मधोमध अडला. केसांखाली वाटाण्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती, पण दोन महिन्यांत चांगली बोराएवढी झाली.

"काढून टाका, म्हणजे सुटलो," ढमीचा बाप सर्जनबाईंना म्हणाला. तो प्लंबर होता, हातातलं काम टाकून आला होता.

"काढू या. पण आधी सोनोग्राफी करू. मुलांच्या अशा गाठी बऱ्याचदा जन्मापासूनच असतात आणि बहुतेक कातडीखालीच राहतात. पण मधोमध असलेल्या एखादीचं मूळ हाडातून पार आत गेलेलं असतं. ते ऑपरेशनच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं."

बाप कुरकुरला, तशी आई म्हणाली, "भिंत फोडायच्या आधी पाइप कुठून गेलाय ते तू बघतोस की नाही?" त्याने सोनोग्राफीची चिठ्ठी खिशात घातली.

सोनोग्राफीत गाठीखालचं हाड खोलगट दिसलं, पण तळ काही नीट दिसेना. म्हणून एमआरआय ठरला.

"वीस मिनिटं हलायचं नाही. जमलं तर भूल लागणार नाही," तिथला तंत्रज्ञ म्हणाला. "आत मशीन ठोकाठोकी करतं. घरी सराव करून या."

मग आठवडाभर रोज संध्याकाळी बापलेक जेवणाच्या टेबलाखाली शेजारी शेजारी आडवे झाले आणि आईने वरून पातेलं बडवलं. पहिल्या दिवशी ढमी हसून हसून लोळली. तिसऱ्या दिवशी बापाच्या नाकाला खाज सुटली आणि तो हरला. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू येऊन, घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेल्या.

खऱ्या तपासणीला ढमी ओंडक्यासारखी पडून राहिली. बाहेर बापाने दहाही नखं कुरतडली.

"हाडाला नुसता खड्डा पडलाय, आत वाट नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "या गाठीचा मेंदूशी काही संबंध नाही."

"म्हणजे बापावर गेलीय," आई म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

ऑपरेशन पाऊण तासात उरकलं. टाके निघाल्यावर ढमी शाळेत गेली. जखम बघायला एवढी गर्दी झाली की वर्गातल्या बाईंनी मुलांची रांग लावली आणि शेवटी स्वतःही वाकून पाहिलं.