सारसांना दिलेली पाळी

माझा धाकटा भाऊ कालव्याच्या दुरुस्तीवर मुकादम. लहानपणी ज्याचं नाक कधी कोरडं नसायचं, त्याने यंदा अख्ख्या कालव्याची गळती थांबवली. सगळे त्याची पाठ थोपटत होते. माझं मात्र डोकं फिरलं होतं. त्या गळतीवरच माझ्या शेताखालची पाणथळ जागा जगत होती आणि तिच्या मधोमध सारसांच्या जोडीने गवताचा ढीग रचून अंडी घातली होती. भोवतीचं पाणी हीच त्यांची भिंत. ते रोज आटत होतं आणि काठावर कुत्री येऊन बसू लागली होती.

"पिल्लं निघेपर्यंत एक भोक ठेव ना," मी त्याला म्हटलं.

तो चिडला नाही. मोटरसायकलवर बसवून मला कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला घेऊन गेला. तिथे एक म्हातारी आपल्या शेतात घोटाभर पाण्यात नुसतीच उभी होती.

"लग्न होऊन आले तेव्हापासून कालवा बघतेय," ती म्हणाली. "पाणी आत्ता बघितलं."

"सांग ताई, हिच्या वाटचं तोडू?" भावाने विचारलं.

दुसऱ्याच्या पाण्यावर उदार व्हायला निघाले होते, याची मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात माझ्या शेताची पाण्याची पाळी आली. मका कणसावर होता. मी बांध फोडला आणि सगळं पाणी खाली सोडलं. भाऊ फावडं घेऊन धावत आला.

"वेड लागलंय का तुला? मका करपेल."

"करपू दे. हे तरी माझ्या हक्काचं आहे ना?"

तो फावड्याने बांधातला चर रुंद करायला लागला. पुढच्या पाळीलाही आम्ही तेच केलं.

मका गेला. दाणे न भरताच कणसं वाळली, ती गुरांना घातली. एका अंड्यातून काही निघालं नाही. दुसऱ्यातलं पिल्लू आईबापांच्या मागे पाण्यातून चालायला लागलं, तेव्हा मला रडू आलं. मक्यासाठी की पिल्लासाठी, खरंच सांगता येणार नाही.

"पुढच्या वर्षी काय करशील?" भावाने विचारलं.

लागोपाठ दोनदा पीक सोडणं मला झेपणार नाही. पुढच्या वर्षी पाणी मक्यालाच जाईल, असं मी त्याला सरळ सांगितलं. सारस मात्र जागा बदलत नाहीत. ते इथेच येतील.