निळ्या घोड्याची झोप

ओल्या कागदावर निळा रंग सोडला, की तो आपल्याच मनाने वाहत जायचा. ठिपकी त्याच्या मागे मागे नजर फिरवायची आणि तिची आई ठिपकीच्या. पाच वर्षांची झाली तरी लेक बालवर्गात चकार शब्द काढत नव्हती. तिला पुढच्या वर्गात घालायचं की वर्षभर थांबवायचं, हे बाई शुक्रवारी ठरवणार होत्या.

बाईंची एक रीत होती. मूल चित्राबद्दल जे सांगेल, ते मोठ्यांनी चित्राखाली जसंच्या तसं लिहायचं. "आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही हं," त्या आईला म्हणाल्या होत्या. "हा गृहपाठ तुमचा."

पण सोमवारी आईला राहवलं नाही. तिने निळ्या चित्राखाली सुबक अक्षरात लिहून टाकलं, 'हा समुद्र आहे.' ठिपकीने कागद पालथा घातला आणि नंतर दोन दिवस ब्रशला हात लावला नाही.

गुरुवारी दुपारी आईनेच ब्रश घेतला आणि दुसऱ्या कागदावर चित्र काढलं.

"आई, ही किटली आहे?"

"मांजर आहे गं."

"मग तिला तोटी का?"

"शेपूट आहे ती, शहाणे!"

ठिपकी खुदखुदली. तिने पालथा कागद सुलटा केला. खिडकीतलं ऊन निळ्यावर उतरलं आणि सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी हलू लागली.

"हा घोडा आहे. झोपलाय. झोपेत तो पाणी होतो. उठला की परत घोडा."

आईने समुद्र खोडला, श्वास रोखून घोडा लिहिला.

"वाच."

"हा सुंदर घोडा आहे..."

"सुंदर मी कुठे म्हटलं?"

आईने जीभ चावली.

"कुठाय तो शब्द?" ठिपकीने विचारलं. आईने बोट ठेवलं. ठिपकीने त्या शब्दावर निळा ब्रश फिरवला आणि खाली चार वेड्यावाकड्या रेघा ओढल्या. "हे मी लिहिलं. शूऽऽ, असं."

शुक्रवारी बाईंनी कागद हातात घेतला. "काय आहे गं हे?"

उत्तर आईच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"हळू धरा ना, बाई," ठिपकी म्हणाली. "जागा होईपर्यंत तो पाणीच आहे. सांडेल."

बाईंनी कागद दोन्ही हातांनी, अलगद, आडवा धरला.