खाणीपलीकडची एकेचाळीस घरं

मित्रांनो, जुन्या फायलींच्या कपाटामागे गुंडाळून उभा केलेला मी भिंतीवरचा एक नकाशा आहे. कापडावर चिकटवलेला कागद आणि वर-खाली लाकडी दांडे, असा माझा देह. खालचा दांडा केव्हाच निखळला. आता माझ्या आडोशाला पाली राहतात. माझी तक्रार नाही, तेवढीच सोबत. पण एके काळी माझ्यासमोर खुर्च्या मांडून मोठमोठी माणसं बसत असत.

मला नकाशेवाल्या काकांनी काढलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि जिभेचं टोक दातांत, असे ते महिनाभर माझ्यावर ओणवे होते. गावाला गोल ठिपका, रस्त्याला दुहेरी रेघ, नदीला निळी शाई. जुन्या मोजणीच्या कागदांत होतं ते सगळं त्यांनी उतरवलं. कागदांत नव्हतं ते माझ्यातही आलं नाही. एका कोपऱ्यात त्यांनी तिरप्या रेघा ओढल्या आणि बारीक अक्षरांत लिहिलं, 'दगडखाण, बंद'.

तिथून मी आरोग्य कार्यालयात, डॉक्टरबाईंच्या खोलीत आलो. जगातल्या देशांनी तेव्हा मिळून ठरवलं होतं की, पोलिओ पृथ्वीवरूनच घालवायचा. मित्रांनो, हा रोग मुलांच्या नसांवर घाला घालतो. काल अंगणात धावणारं पोर आज उठून उभं राहू शकत नाही. गेलेली ताकद परत आणणारं औषध नाही. लस मात्र आहे, पथकं घरोघर फिरतात त्या दर फेरीला दोन थेंब.

"या रोगाला राहायला मूल लागतं," डॉक्टरबाई सगळ्यांना समजावत. "कुठेच थारा मिळाला नाही, तर तो मरतो. म्हणून एकही घर सोडायचं नाही."

दिवसभर त्या माझ्यासमोर पेन्सिल घेऊन उभ्या असत. कोणतं पथक कुठून निघणार, लशीच्या पेटीतला बर्फ कुठे बदलायचा, ओढ्याला पाणी असलं तर कोणत्या वाटेने जायचं, सगळं माझ्यावर आखलेलं. डबा तसाच गार व्हायचा. "बाई जेवत नाहीत, नकाशाच खातात," असं शिपाईमामा म्हणत. दूरदेशीचे पाहुणे आले की माझ्यासमोर थांबत. "किती नेटकं काम!" असं म्हणत. खोटं कशाला बोलू, मी फुशारून जायचो.

एकदा फेरीच्या आदल्या दिवशी थोरल्या नर्सताई आल्या. पायपीट करून टाचांना भेगा पडलेल्या, तोंड फटकळ, पण मुलं त्यांना पाहून रडायची थांबत.

"बाई, खाण पुन्हा सुरू झालीय. पलीकडे झोपड्या उभ्या राहिल्यात. तीसेक तरी असतील."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खाण तर बंद आहे इथे."

"नकाशा कधी गेला होता खाणीत?"

डॉक्टरबाई हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, पथकं ठरलीत, बर्फ वाटून झालाय. आता एक धागा ओढला तर सगळंच उसवेल. पुढच्या फेरीत नक्की धरू."

त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि माझ्या कोपऱ्यात टोचली. आठवड्याने पंख्याच्या वाऱ्याने ती पडली, केराबरोबर गेली. मी पाहिलं, पण नकाशाला तोंड नसतं. पुढच्या फेरीच्या वेळी नर्सताई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत पाहुण्यांची गर्दी होती. फेरी पार पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन महिन्यांनी निरोप आला. खाणीवर तीन वर्षांची मुलगी, चार दिवस ताप, उजवा पाय लुळा. तपासणीचा कागदही आला. पोलिओच होता.

जिथे रुग्ण सापडेल तिथे माझ्यावर लाल डोक्याची टाचणी टोचायची पद्धत होती. डॉक्टरबाई टाचणी घेऊन उभ्या राहिल्या. टोचायला ठिपकाच नव्हता. त्यांनी ती त्या तिरप्या रेघांमध्ये टोचली आणि कितीतरी वेळ हात तिथून काढलाच नाही. मग मला खिळ्यावरून उतरवलं, गुंडाळलं आणि नर्सताईंना घेऊन त्या गाडीत बसल्या.

झोपडीच्या दारात मुलीची आई बसली होती. खाणीत खडी फोडायची. हात दगडासारखेच खरखरीत. मांडीवर मुलगी. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. आता ती बसल्या जागेवरून आम्हाला बघत होती.

"हिला थेंब दिले होते का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"थेंब? तुमची गाडी वरच्या रस्त्याने जाताना दोनदा पाहिली. ही मागे धावत गेली होती, भोंग्याचा आवाज ऐकून. गाडी थांबली नाही."

डॉक्टरबाई खाली मातीत बसल्या.

"पाय बरा होईल ना?"

नर्सताईंनी तोंड फिरवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "थोडी ताकद येईल. पहिल्यासारखा नाही होणार." मग त्यांनी सांगून टाकलं. "तुमची घरं इथे आहेत हे मला सांगितलं होतं. मी पुढे ढकललं. चूक माझी आहे."

मला वाटलं, आता ही बाई दगड उचलेल. तिने उचलला असता तरी तिला कोण नावं ठेवणार होतं? तिने भिंगरीच्या पायावरची धूळ पदराने पुसली. बराच वेळ पुसत राहिली. मग तिने लशीच्या पेटीकडे बोट केलं.

"ते थेंब आणलेत?"

"हो."

"मग बसलात काय? बाकीची पोरं आहेत ना."

तिने भिंगरीला कडेवर घेतलं आणि पुढे चालू लागली. दार ठोठावावं, हाक मारावी, पोरांची हनुवटी धरून वर करावी, सगळं तीच करत होती. एक बाप म्हणाला, "आमचा नाही आजारी, कशाला पाजता?" तिने नुसतं भिंगरीला त्याच्यासमोर धरलं. त्याने मुकाट्याने मुलगा पुढे केला.

मला जमिनीवर पसरून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून, डॉक्टरबाई एकेक घर काढत गेल्या. पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. एकेचाळीस घरं भरली. भिंगरी आईच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "यातलं आमचं कुठलं?" तिने विचारलं. डॉक्टरबाईंनी बोटाने दाखवलं.

त्यानंतर रीत बदलली. आधी माणसांनी पायी फिरायचं, तिथल्याच लोकांना विचारायचं, मग नकाशा भरायचा. वीटभट्ट्या, पुलाखालची बिऱ्हाडं, बांधकामावरचे तंबू, सगळं माझ्यावर आलं. शेजारचे जिल्हेही तसंच करू लागले. लाल टाचण्या कमी झाल्या. एक वर्ष असं आलं की एकही टोचावी लागली नाही.

भिंगरीला डॉक्टरबाईंनी पायाला आधाराची पट्टी करून दिली. दरवर्षी ती लांडी व्हायची, मग नवी. सातव्या वर्षी डॉक्टरबाई नवी पट्टी घेऊन गेल्या, तर खाण बंद पडलेली आणि झोपड्या उठलेल्या. कुठे गेले, कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी चार जिल्ह्यांना पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. ती पट्टी त्यांच्या खणात पडून राहिली.

देशातून पोलिओ गेल्याचं जाहीर झालं, तेव्हा कार्यालयात पेढे वाटले. नर्सताई तोवर वारल्या होत्या. मला उतरवताना नवा तरुण साहेब आदराने म्हणाला, "बाई, या नकाशाने किती मुलं वाचवली असतील!"

"वाचलेली यावर दिसत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "राहून गेलेलीच दिसतात."

मित्रांनो, जगाच्या काही कोपऱ्यांत हा रोग अजून जिवंत आहे. घरातल्या बाळाला थेंब वेळेवर द्या, प्रत्येक फेरीला द्या. आणि मोठे होऊन तुम्ही कोणतीही योजना आखाल, तेव्हा दारात कोणी थकलेलं माणूस येऊन म्हणालं की, पलीकडे आणखी घरं आहेत, तर कागदाकडे बघत बसू नका. चपला घाला आणि त्याच पावली निघा.