रांगेतली खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. माझा एक पाय तारेने बांधलेला आहे, पाठीला ठिगळ आहे आणि माझा स्वभाव वाईट आहे. मित्रांनो, शाळेला जाताना तुम्ही मला या कारखान्याच्या फाटकापाशी रोज पाहता. फाटक वाऱ्याने मिटू नये म्हणून रखवालदाराने मला त्याला टेकवून ठेवले आहे. परवा तुमच्यातला एक जण माझ्यावर बसायला गेला आणि दाणकन आपटला. मला अजिबात वाईट वाटले नाही. मी आता कोणालाच बसू देत नाही. का, ते ऐकून घ्या आणि मग खुशाल मला दगड मारा.

माझा जन्म ट्रक दुरुस्त करणाऱ्यांच्या गल्लीत झाला. मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या कठड्याचे पाइप वेल्डरने वाकवले आणि शेजारच्या ताडपत्रीवाल्याने उरलेल्या तुकड्याची बैठक शिवली. त्याने टाका दुहेरी घातला, कारण मला घेणारा गडी अंगाने चांगला भरलेला होता. "बसलं की उठावंसं वाटता कामा नये," असे त्याने दोघांना बजावले होते. तो एका वाहतूक कंपनीत ट्रक चालवायचा. त्याचा साडूही त्याच कंपनीत चालक होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून कंपनीत सगळे या दोघांना थोरला आणि धाकटा म्हणत. मीही तेच म्हणते. थोरला माझा धनी होता.

कंपनीतले ते दिवस चांगले होते, हे मला नाइलाजाने कबूल करावे लागते. केबिनच्या मागे दोन आकड्यांना मला टांगलेले असे. गाडी थांबली, हातब्रेक ओढला, की थोरला आधी मला खाली काढी. ट्रकच्या सावलीत मला मांडायचे, बूट काढायचे, पाय टायरवर टाकायचे. धाकटा हत्यारांच्या पेटीवर बसून स्टोव्हवर चहा उकळायचा. मग दोघे मिळून सासऱ्याची टिंगल करत. "म्हाताऱ्याला चाकांचं भारी वेड. दोन्ही पोरी चाकांच्याच गळ्यात बांधल्या," असे धाकटा म्हणे आणि थोरला इतका हसे की माझे सांधे करकरत. चालकांची एक रीत होती: खुर्ची मांडली, माणूस सुटला. खुर्चीवरच्या माणसाला कोणी काम सांगायचे नाही, मग गाडी हलवायची असो की कागदावर सही करायची.

ही रीत एका ठिकाणी मात्र चालत नसे, ते म्हणजे माल भरायच्या रांगेत. तिथे वीस-वीस ट्रक उभे असत. चालक खुर्ची मांडून बसे, अन् जरा डोळा लागतो न लागतो तोच रांग सरके. मग उठा, मला मिटा, गाडी एका गाडीच्या लांबीएवढी पुढे घ्या, उतरा, मला पुन्हा मांडा. एका दिवसात चौदा वेळा माझी घडी झालेली मला आठवते. आणि माल भरून झाला की कंपनीचा साहेब फोनवर म्हणे, "निघा आता लगेच. सकाळपासून खुर्चीवरच होतात ना? झाली की विश्रांती." चौदा वेळा उठलेला माणूस मग आठ तास चाक धरायचा, डोळ्यांत पाणी मारत. आणि साहेबाची साक्षीदार कोण? मी! माझ्यावर बसला म्हणून त्याची झोप बुडाली. मला स्वतःचीच चीड येई.

एके दिवशी थोरल्याने मला उचलले आणि थेट साहेबाच्या कचेरीच्या दारात नेऊन मांडले. मागे तीस-चाळीस चालक जमा झाले. थोरला म्हणाला, "साहेब, तुम्ही हिच्यावर बसा. दर दहा मिनिटांनी मी तुम्हाला उठवतो. संध्याकाळी सांगा, किती विश्रांती झाली ते." चारचौघांत मान जायला नको म्हणून साहेब हसत हसत बसला. चौथ्यांदा उठताना त्याचे हसू गेले. सहाव्यांदा तो ओरडला, "पुरे झाला हा तमाशा!" आठवड्याभरात कंपनीने नियम बदलला. रांगेतला वेळ हा कामाचा वेळ ठरला. त्यानंतर झोप घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही. चालकांनी माझी पाठ थोपटली. धाकट्याने माझ्या सांध्यांना तेल दिले. मी फार फुगून गेले होते.

थोरला माझ्यापेक्षा जास्त फुगला. साहेबाला वाकवणाऱ्याने साहेबाची गाडी का हाकावी, असे लोक म्हणू लागले आणि ते त्याच्या डोक्यात बसले. त्याने नोकरी सोडून स्वतःचा ट्रक घेतला. नव्या केबिनच्या मागे मला टांगताना तो म्हणाला, "आता तुझी घडी करायला लावणारा कोणी नाही." त्यानंतर वर्षभर त्याने मला एकदाही खाली काढले नाही. ट्रक उभा राहिला तरी त्याला तो सोडवत नसे. तो रांगेतही केबिनमध्येच बसून राही, एक हात चाकावर. कंपनीतला साहेब तरी महिन्यातून दोनदा दिसायचा. हा नवा साहेब, म्हणजे तो स्वतःच, त्याच्याबरोबर जेवायचा आणि त्याच्याच अंथरुणात झोपायचा. माझी ताडपत्री उन्हाने तडकली, आकडे गंजले. मी त्याला मनातल्या मनात लाखोली वाहत लटकत राहिले.

वर्षाने त्याची पाठ गेली. केबिनची पायरी चढवेना. डॉक्टरांनी तीन महिने चाकाला हात लावायचा नाही असे सांगितले. तेव्हा त्याला धाकटा आठवला. दाराशी उभ्या ट्रकजवळ त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घरची गाडी आहे. कंपनीच्या दारात किती दिवस उभा राहशील? इथं तुझी विश्रांती तुझ्या हातात." धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, तिथेच होती. "नात्यात चाकरी नको," ती म्हणाली. पण 'घरची गाडी' या शब्दांना धाकटा भुलला.

पहिल्याच खेपेला त्याने मला खाली काढले, पुसले, तेल दिले. याच कारखान्याची रांग होती. सात तास गेले आणि माझी अकरा वेळा घडी झाली. माल भरल्यावर तो जरा टेकला, तेवढ्यात फोन वाजला. थोरल्याचा आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आला.

"निघालास का?"

"नाही भाऊ. रांगेतच दिवस गेला. आता झोप काढतो आणि मग निघतो."

"झोप कसली? सकाळपासून बसूनच होतास की खुर्चीवर! झाली की विश्रांती."

माझे तर पाइप गार पडले. ते वाक्य मी ओळखत होते. "भाऊ, हे कोण बोलतंय?" त्याने विचारले. थोरल्याने फोन बंद केला. धाकटा रस्त्याकडेच्या तळावर गाडी लावून ठरल्याप्रमाणे झोपला. माल उशिरा पोहोचला आणि घेणाऱ्याने तो परत पाठवला.

धाकटा ट्रक घेऊन परतला तो सरळ थोरल्याच्या घरी. त्याने मला खाली काढले, थोरल्याच्या दारात मांडले आणि माझ्यावर बसला. थोरली दार उघडून बाहेर आली. कचेरीच्या दारातली गोष्ट तिने नवऱ्याच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. मला तिथे पाहून ती काय समजायचे ते समजली आणि बाजूला झाली. मागून पाठीला हात लावत थोरला आला.

"ऊठ."

"रांगेतला वेळ काम की विश्रांती, एवढं सांगा. मग उठतो."

"माझ्या दारात बसून मला जाब विचारतोस? पगार खातोस माझा!"

"परवापर्यंत घरची गाडी होती, साडूबुवा."

थोरल्याने माझ्या पुढच्या पायाला लाथ घातली. मित्रांनो, ज्याच्यासाठी मी वाकवली गेले, त्याच्याच लाथेने माझा पाय मोडला. धाकटा पायरीवर आपटला, त्याचे कोपर फुटले. शेजारी दारात आले. "हे त्या साहेबानंसुद्धा केलं नव्हतं," थोरली म्हणाली आणि बहिणीच्या नवऱ्याला उठवायला खाली वाकली. धाकट्याने किल्ली माझ्या फाटक्या बैठकीवर ठेवली आणि तो गेला. त्या दिवसापासून दोन्ही बहिणी एकमेकींच्या घरी गेल्या नाहीत.

अर्धवट बरी झालेली पाठ घेऊन थोरला पुन्हा चाकावर बसला. त्याने माझा पाय तारेने बांधला, पण प्रेमाने नव्हे. केबिनमध्ये बसून पाठ धरत होती, म्हणून. या फाटकाबाहेर रांग होती. तो माझ्यावर कण्हत बसला होता आणि त्याच्या पुढचाच ट्रक जुन्या कंपनीचा निघाला. त्याच्या सावलीत नव्या खुर्चीवर धाकटा बसला होता. कंपनीने त्याला परत घेतले होते. थोरल्याने बराच वेळ त्याच्या पाठीकडे पाहिले. शेवटी तो उठून त्याच्याजवळ गेला.

"सकाळपासून बसलोय रे. पाठ गेली कामातून. एवढ्या रांगेपुरती माझी पण गाडी पुढे घेतोस का?"

धाकट्याने मानही वळवली नाही. "सकाळपासून बसलाय ना? मग झाली की विश्रांती."

रांग सरकली, मागचे भोंगे वाजू लागले. कठड्याला धरून थोरला कसाबसा केबिनमध्ये चढला आणि गाडी घेऊन गेला. मी जिथे होते तिथेच राहिले. तो मला विसरला नव्हता. आरशात त्याचे डोळे माझ्यावर होते, मी पाहिले.

मित्रांनो, मला रंग नको, नवी ताडपत्री नको, तुमची दया तर मुळीच नको. तुमच्यातले काही उद्या गाड्या हाकतील, काही गाड्यांचे मालक होतील. बसलेल्या माणसाला आळशी म्हणण्याआधी, त्याला किती वेळा उठवले ते विचारा. आणि मालक झालात, तर ज्या वाक्याने तुमचे डोळे एकेकाळी भरून आले होते, ते तोंडात येताच जीभ चावा. मला मात्र साक्षीला बोलावू नका.

थोरल्याचा ट्रक आजही आठवड्यातून एकदा या फाटकातून जातो. तो समोर पाहतो, माझ्याकडे पाहत नाही. मी त्याच्यासाठी फाटक धरून ठेवते आणि मनात म्हणते, जा बाबा, जा. तुझी विश्रांती झालेली आहे.