घुंगरांची काठी

सन १८८३च्या उन्हाळ्यात अर्धं कल्याण एका बाईला हाकलायला तळ्याकाठी जमलं होतं. उरलेलं अर्धं वाटेत होतं.

बाई म्हणजे हौसाबाई. तिचा थोरला गुणाजी रेल्वेत झेंडीवाला व्हायला गेला आणि साहेबाने नजर तपासायला दाखवलेल्या तांबड्या लोकरीला हिरवी म्हणून परत आला. धोंडीबा भगताने निदान केलं: आईच चेटकीण, तिने लेकाची नजर बांधली.

पुरावाही होता. हौसाबाई शेजारी उभी केली की गुणाजी झेंड्यांचे रंग चुके. तिला तळ्यापलीकडे नेऊन भगताने घुंगरांची काठी हातात धरून मंत्र म्हटला, की सगळे रंग बरोबर. चमत्कार इतका नेमाने होई, की आगगाडीने त्याच्याकडून शिकावं.

"दिवस बुडायच्या आत तिला वेशीबाहेर घाला," भगत म्हणाला. "मला काही नको. तिचा कोंबडा तेवढा ठेवा."

रोगी पाहायला आलेले ठाण्याचे डॉक्टर व्हॅलेरियन त्या गर्दीत अडकले होते. ते पुढे झाले. "भगतबुवा, दमला असाल. काठी मी धरतो."

"काठी देवीची आहे."

"मग माझ्या हातातही देवीचीच राहील."

भगताला काठी सोडावी लागली.

हौसाबाई तळ्यापलीकडेच होती. डॉक्टरांनी काठी न हलवता तांबडी झेंडी वर केली. गुणाजी म्हणाला, "हिरवी." मग त्यांनी हौसाबाईला लेकाला खेटून उभं केलं आणि झेंड्या दाखवताना फक्त तांबडीला घुंगरू वाजवले. आता एकही चूक नाही.

"कसं ओळखलंस रे?"

"भगतबाबांनी सांगितलेलं, देवी वाजली की तांबडं म्हण. आई जवळ असली की देवी गप्प बसते."

"आत्ता आई जवळ होती."

गुणाजीने काठीकडे पाहिलं, मग आईकडे. मान खाली घातली. इतका वेळ सगळं गाव झेंडी बघत होतं. कान कुणी दिलाच नव्हता.

"मग याच्या डोळ्यांना झालंय काय?" शेजारीण रखमाबाईने विचारलं. हाकला म्हणणाऱ्यांत ती पहिली होती.

डॉक्टर हौसाबाईकडे वळले. "माहेरी कुणाला असं होतं?"

"भावाला. आणि आईच्या वडिलांना. पिकली मिरची, हिरवी मिरची, दोघांना एकच. आईला मात्र नीट दिसायचं. मलाही दिसतं, माझ्या धाकट्या दौलतलाही."

"तेच. हा दोष बापाकडून लेकीत, कधी तिच्याही लेकीत येतो आणि दोघींत बहुधा लपून राहतो. पुढे त्यांच्या एखाद्या मुलात उघडा पडतो, एखाद्यात नाही. तुमच्या दौलतला रंग कळतात ना? चेटकिणीने त्याला का सोडलं असतं? असं का होतं ते आमच्या शास्त्राला अजून ठाऊक नाही. औषधही नाही."

"म्हणजे आईनंच दिलं ना?" रखमाबाई हट्टी होती.

"नाकही तिनंच दिलंय, बाई. नाकासाठी कुणी आईला वेशीबाहेर काढतं? आणि भगताच्या कृपेने हा झेंडीवाला झाला असता, तर गाडी आल्यावर घुंगरू कोण वाजवणार होतं?"

अंधार पडायच्या आत हौसाबाई घरी गेली. कोंबडाही गेला. गुणाजी पुढे मालधक्क्यावर लागला. गोणी उचलायला रंग ओळखावा लागत नाही. भगत काठी मागायला काही आला नाही. हौसाबाई आता त्याच काठीने तोच कोंबडा हाकते.

मंडळी, चमत्कार जरूर बघा. फक्त बघण्याआधी बुवाच्या हातातली काठी काढून घ्या. त्यानंतर काही उरलं, तर खुशाल नमस्कार करा.