लाँचमध्ये आधी कोण

नौदल नवं, जहाजं मोजून तीन, पण मानपानाचे नियम शंभर जहाजांना पुरतील एवढे. त्यातला एक असा, की जहाजावरून लाँचमध्ये कनिष्ठाने आधी उतरायचं, ज्येष्ठाने शेवटी. कप्तान आणि त्याचा मेहुणा एकाच दिवशी बढती मिळून कप्तान झाले होते, आणि यादीत वर कोणाचं नाव हे कचेरीने अजून ठरवलं नव्हतं. दोघं जिवलग मित्र. धाकट्या बहिणीसाठी हे स्थळ कप्तानानेच आणलेलं. पण बढतीपासून दोघं एकमेकांना अहो-जाहो करू लागले होते.

बहीण बरेच दिवस दवाखान्यात होती. त्या दुपारी निरोप आला, दोघांनी लवकर यावं. असा निरोप आधीही दोनदा आला होता.

शिडीपाशी खलाशी रांगेत उभे होते.

"तुम्ही व्हा पुढे," कप्तान म्हणाला.

"छे, आधी तुम्ही."

ऐकणाऱ्याला वाटावं, काय ही अदब! दोघंही हटेनात. पंधरा-वीस मिनिटं अशीच गेली. शेवटी लाँचचा तांडेल खालून म्हणाला, "साहेब, ओहोटी लागलीय. रेतीत अडकू."

मग दोघं एकदमच उतरले. लाँच रुतायची ती रुतलीच. समोर दवाखान्याच्या खिडक्या दिसत होत्या, आणि खलाशांनी लाँच ढकलून सोडवेपर्यंत तासभर दोघं त्या खिडक्यांकडे बघत बसले.

पोचले तेव्हा आई पलंगाशी बसली होती. बहिणीच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

"आत्ताच गेली," आई म्हणाली. "सारखी विचारत होती, लाँच निघाली का. मी खिडकीतून बघून सांगत होते, शिडीपाशी उभी आहे, निघेलच. कशाला थांबला होतात रे?"



महिन्याभराने यादी आली. कप्तानाचं नाव वर होतं. त्या दिवशी शिडीवरून तो आधी उतरला आणि पुढच्या टोकाला, कनिष्ठाच्या जागी जाऊन बसला. मेहुणा मागून आला.

"सरक जरा," म्हणत तो शेजारीच टेकला. मागची मानाची जागा रिकामी राहिली.

लाँच निघाली. मेहुणा म्हणाला, "आईंना खरं सांगायला हवं रे. कोण सांगणार?"

"आधी मी," कप्तान म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.