मागच्या टेबलावरची मुलगी

माझी लेक श्रुतिका एकच व्हिडिओ तिसऱ्यांदा थांबवून, मोठा करून बघायला लागली, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, पोरगी पडली कुणाच्या तरी प्रेमात. बारावी संपली होती, बाहेरगावच्या विद्यापीठात नंबर लागला होता आणि शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. महिनाभर ही तिथल्या मुलांचे व्हिडिओ बघत होती. हॉस्टेलची खोली, तळं, गिटार, वाढदिवसाचे केक. अभ्यास करताना कुणी दिसायचं नाही, पण ते असो.

"कोण गो तो?" मी विचारलं.

"तो नाही, ती. मागे बघ ना."

पुढे चारपाच पोरं मेसचं जेवण दाखवत खिदळत होती. मागच्या टेबलावर एक चष्मेवाली मुलगी एकटीच जेवत होती. श्रुतिकाने आणखी दोन व्हिडिओ लावले. त्यांतही ती होती, तशीच एकटी.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दहिसरच्या आमच्या घरात आम्ही दोघीच. औषधाच्या दुकानातून यायला मला कितीही उशीर होवो, ही माझ्याशिवाय ताट घेत नाही. कॉलेजातही डबा खायला हिला एकच मैत्रीण. गिटारबिटार सब झूट, तिथे एकटं पडलं तर काय होतं एवढंच हिला बघायचं होतं. मला फार वाईट वाटलं.

"तिलाच विचार की," मी म्हटलं.

"आई, वेडी आहेस का?"

पण व्हिडिओखाली तिने लिहिलंच, मागे चष्मा घातलेली ती कोण? कुणीतरी तिला ते दाखवलं असणार, दुसऱ्या दिवशी तिचंच उत्तर आलं. "मी जयंती. मी दिसते यात?"

मग दोघींचे मेसेज सुरू झाले. ताट खोलीवर नेता येतं का, कुणी हसतं का, रडू येतं का, हिने सगळं विचारून घेतलं. जयंतीनेही खरं ते सांगितलं. सुरुवातीला रडू यायचं, आता एकटीने जेवायला आवडतं, रविवारी मात्र करमत नाही. शेवटी तिनेच विचारलं, "तू येतेयस का?"

श्रुतिकाने दोनदा काहीतरी लिहून पुसलं. मग लिहिलं, "मी जास्त बोलत नाही."

"चालेल. मीपण."

त्याच संध्याकाळी हिने होकार कळवून टाकला. मी खूश होऊन शिरा केला. जेवायला बसलो तर ही घास हातात धरून माझ्याकडे बघतेय.

"आई, मी गेल्यावर तू कुणाबरोबर जेवणार?"

"तुमच्या मेसचे व्हिडिओ लावीन," मी म्हटलं. "मागे कुठे दिसतेस का ते बघत जेवीन."